मऊ गादीचा घात

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या दुकानात महागातली गादी बघायला गेलं की विक्रेता करड्या फोमचा एक तुकडा पुढे करतो. त्यावर पंजा दाबायला लावतो. हात काढल्यावर ठसा तसाच राहतो आणि मग सावकाश भरून येतो. ‘नासाचं तंत्रज्ञान आहे साहेब,’ हे वाक्य मग ठरलेलंच. दावा खोटा नाही. फक्त हा फोम झोपेसाठी जन्माला आलेला नव्हता. आदळणाऱ्या माणसाचं हाड वाचावं म्हणून तो तयार झाला, आणि त्याचे भाऊबंद आजही लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवरच्या गादीत असतात. त्या गादीला सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास आहे. त्यात तुटलेले मणके आहेत, लष्करी डॉक्टर आहेत, एक उत्साही पत्रकार आहे, आणि कुणाच्याही सहज लक्षात येणार नाही असा एक शोध आहे: स्फोटाने वर उडणाऱ्या खुर्चीत मऊपणा हाच वैरी असतो.

कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात धावपट्टी बांधली गेली. तिच्या जमिनीचा वाद 2017 साली रस्त्यावर उतरला, तेव्हा ती पुन्हा सर्वांना आठवली. ती धावपट्टी झाली त्या काळात पेटलेल्या लढाऊ विमानातून बाहेर पडायचा मार्ग एकच होता: डोक्यावरचं काचेचं झाकण मागे सारायचं, पट्टे सोडायचे, उठून उभं राहायचं आणि स्वतःला बाहेर झोकून द्यायचं. विमान ताशी दोन-अडीचशे किलोमीटरने जात असेल तर हे जमत असे. पाचशेच्या पुढे वारा माणसाला पाठीमागच्या भिंतीला चिकटवून टाकी, आणि त्यातूनही कुणी निसटलाच तर मागून येणारं शेपूट त्याला गाठत असे. विमान गरगरत खाली येत असेल तर हात उचलणंही अवघड. जेट इंजिन आल्यावर हा प्रश्न हाताबाहेर गेला. वैमानिकाला बाहेर पडता येत नसेल तर त्याला बाहेर फेकायला हवं, हे सगळ्यांना कळत होतं. किती जोराने फेकायचं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

जर्मनांनी याची सुरुवात आधी केली. हाइनकेल कंपनीने दाबलेल्या हवेवर चालणारी सीट बनवली, आणि 13 जानेवारी 1942 रोजी हेलमुट शेंक हा चाचणी वैमानिक हाइनकेल 280 या जेट विमानातून तिच्या साहाय्याने बाहेर पडला. त्याचं विमान दुसऱ्या विमानाने ओढून वर नेलं होतं. ओढणारा दोर सुटायची जागा बर्फाने गोठली, विमान उतरवणं अशक्य झालं आणि त्याने सीट उडवली. जीव वाचवण्यासाठी इजेक्शन सीट वापरणारा तो पहिला माणूस. त्यामागे बर्लिनमधल्या हवाई वैद्यकाचं काम होतं. झिगफ्रीड रुफ आणि त्याचे सहकारी मृतदेहांच्या कशेरुकांवर यंत्राने भार टाकून त्या कधी चिरडतात हे मोजत होते. याच रुफला युद्धानंतर नुरेंबर्गच्या डॉक्टरांच्या खटल्यात आरोपी म्हणून उभं केलं गेलं. त्याची निर्दोष सुटका झाली, पण त्या काळातल्या जर्मन हवाई वैद्यकाचे आकडे हातात घेताना पुढच्या संशोधकांना ते कुठून आले हा प्रश्न टाळता येत नव्हता.

इंग्लंडमध्ये ही कथा लंडनजवळच्या डेनहॅम गावात, मार्टिन-बेकर या छोट्या विमान कंपनीत घडली. जेम्स मार्टिन हा उत्तर आयर्लंडच्या शेतकरी घरातला, हाताने यंत्रं घडवणारा अभियंता. त्याचा भागीदार आणि जिवलग मित्र कॅप्टन व्हॅलेंटाइन बेकर 12 सप्टेंबर 1942 रोजी कंपनीच्याच नव्या विमानाची चाचणी घेताना मरण पावला. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडलं, शेतात उतरायचा प्रयत्न करताना विमान झाडाच्या बुंध्यावर आदळलं. या मृत्यूने मार्टिन हादरला आणि वैमानिकाच्या सुरक्षिततेचं वेड त्याच्या डोक्यात बसलं, असं त्याच्या कंपनीचा इतिहास सांगतो. ते खरंच असणार. पण मार्टिनने सुरुवातीला जी सीट बनवली तिने बेकर वाचला नसता. इतक्या कमी उंचीवर काम करणारी सीट यायला आणखी जवळपास वीस वर्षं लागली.

1944 मध्ये ब्रिटिश विमान उत्पादन मंत्रालयाने मार्टिनला या कामाला लावलं. आधी त्याने विमानाच्या पाठीवर एक मोठा आकडा बसवून, स्प्रिंगच्या जोरावर वैमानिकाला उचलून काढायची कल्पना लढवली. ती बाजूला पडली आणि तोफेचा मार्ग पक्का झाला: सीटच्या पाठीमागे एकात एक बसणाऱ्या नळ्या, आत दारूचं काडतूस. काडतूस उडालं की सीट रुळावरून वर जायची. पण बसलेल्या माणसाला हा धक्का खालून, नेमका मणक्यांच्या रांगेतून बसतो, आणि तो किती सोसेल हे पाहायला माणूसच बसवावा लागणार होता.

कारखान्याच्या आवारात 16 फूट उंचीची तिपाई उभी राहिली. तिचा एक पाय म्हणजे सीटचे रूळ. 20 जानेवारी 1945 रोजी 200 पौंडांचं वजन उडवून पाहिलं. चारच दिवसांनी, 24 जानेवारीला, कंपनीतला बर्नार्ड लिंच नावाचा फिटर त्या सीटवर बसला आणि 4 फूट 8 इंच वर गेला. त्याला काही झालं नाही. पुढच्या तीन फेऱ्यांत काडतुसाची ताकद वाढवत नेली. 10 फुटांना पोचल्यावर मात्र आता शरीराला बराच त्रास होऊ लागला आहे, असं लिंचने सांगितलं. लिंच काही डॉक्टर नव्हता की हवाई दलाचा अधिकारी नव्हता. पान्हे फिरवणारा कामगार होता, आणि पुढची काही वर्षं वैमानिकांच्या पाठीचा अंदाज त्याच्या पाठीवरून बांधला गेला.

प्रयोग यशस्वी झाल्याची बातमी पसरली. तांत्रिक नियतकालिकांच्या बातमीदारांना तिपाई दाखवायला बोलावलं. त्यातल्या ‘द एरोप्लेन’ साप्ताहिकाच्या चार्ल्स अँड्रूज यांनी मीही बसतो म्हणून हौसेने तयारी दाखवली. सीट उडाली, खाली आली, आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. मणक्याला तडा गेला होता. इजेक्शन सीटच्या चाचणीत पाठ मोडून घेणारा इंग्लंडमधला हा पहिला माणूस पत्रकार निघाला. आपल्या व्यवसायातल्या अति उत्साहाचं इतकं ठोस उदाहरण क्वचितच सापडेल.

या अपघाताने मार्टिनला मुळापासून विचार करायला भाग पाडलं. लिंच ज्या जागी बसून हसत उतरला त्याच जागी अँड्रूज यांची पाठ का मोडली? तो कण्याच्या रचनेकडे वळला. मणके एकमेकांवर नीट, सपाट बसलेले असतील तर ते बराच भार घेतात. माणूस पुढे वाकला की प्रत्येक मणक्याची पुढची कड सगळा भार सोसते आणि तीच चिरडते. म्हणून सीट उडवण्याची मूठ डोक्यावर आली. ती दोन्ही हातांनी चेहऱ्यावरून खाली ओढायची, की कापडाचा पडदा तोंडाला वाऱ्यापासून वाचवतो आणि ओढताना पाठ आपोआप ताठ होते. पायांना टेकण्या दिल्या. दुसरी गोष्ट त्याला कळली ती जास्त महत्त्वाची. धक्का किती मोठा आहे एवढंच पुरेसं नाही, तो किती झपाट्याने चढतो हेही तितकंच मोलाचं. सगळी दारू एकदम पेटली तर पाठ मोडते. तीच ताकद जरा पसरून दिली तर सोसते. मार्टिनने मर्यादा घातली ती अशी: कमाल 21 जी, म्हणजे शरीराच्या वजनाच्या 21 पट, आणि तोही सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त वेळ नाही. चढण्याचा वेग सेकंदाला 300 जी च्या आत. यासाठी त्याने दोन काडतुसांची तोफ केली. पहिलं सौम्य काडतूस सीट हलवतं, आणि नळी थोडी वर सरकली की त्याच्या ज्वाळेने दुसरं पेटतं.

24 जुलै 1946 रोजी लिंच ग्लॉस्टर मीटिअर जेटच्या मागच्या जागेत बसला. 8,000 फुटांवर, ताशी 320 मैल वेगात त्याने पडदा ओढला, बाहेर फेकला गेला, पॅराशूट उघडलं आणि तो सुखरूप उतरला. तिकडे अमेरिकेत 17 ऑगस्टला सार्जंट लॉरेन्स लँबर्टने हेच केलं. 30 मे 1949 रोजी जो लँकेस्टर हा चाचणी वैमानिक बिघडलेल्या विमानातून मार्टिनच्या सीटने बाहेर पडून वाचला. आज मार्टिन-बेकरच्या सीटने वाचलेल्यांची संख्या साडेसात हजारांच्या पुढे आहे.

पण वाचलेल्यांपैकी अनेकांच्या पाठीत कळ राहत होती. क्ष-किरण चित्रांत बहुतेकदा छातीच्या मागचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका चेपलेला दिसे. सीटची तोफ कागदावरच्या मर्यादेत होती, तरी असं होत होतं. संशय शेवटी ज्या वस्तूवर आला तिच्याकडे आजवर कुणी लक्षच दिलं नव्हतं. ती वस्तू म्हणजे बुडाखालची गादी.

वैमानिक सीटच्या पत्र्यावर थेट बसत नाही. त्याच्या खाली एक पेटी किंवा पिशवी असते, तिच्यात समुद्रात पडल्यास फुगवायची छोटी नाव, पाणी, खाणं, खुणेसाठीचं सामान. त्यावर गादी. सुरुवातीच्या काळात ही पिशवी कापडी, आतलं सामान सैल, आणि वर जाड मऊ उशी असा प्रकार होता. तासन्‌तास पट्ट्यांनी बांधून घेऊन बसणाऱ्या माणसाला ती हवीशीच वाटणार. आता काडतूस उडतं त्या क्षणी काय होतं ते पाहू. कल्याण यार्डात लांब मालगाडी सुटते तेव्हा इंजिन हळूच सरकतं, डब्यांमधली ढील एकेक करून संपत जाते, आणि शेवटच्या डब्याला जो हिसका बसतो तो इंजिनच्या हिसक्यापेक्षा मोठा असतो, कारण तोवर पुढची गाडी वेगात आलेली असते. सीट, गादी आणि माणूस यांचं तेच होतं. सीट ताबडतोब वर निघते. माणूस आहे तिथेच असतो, कारण मधली मऊ गादी चेपली जात असते. गादी पूर्ण चेपली की ढील संपते, आणि तोवर वेग घेतलेली सीट माणसाच्या कमरेखाली येऊन धडकते.

हिशेब करून पाहिला तर अंगावर काटा येतो. गादी 5 सेंटिमीटर चेपते आणि तोवर काहीच विरोध करत नाही असं धरू. मार्टिनच्या मर्यादेत, सेकंदाला 300 जी ने चढणारा जोर असेल, तर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आतच ते 5 सेंटिमीटर संपतात. त्या वेळी सीट सेकंदाला सव्वातीन मीटरच्या आसपास वेगात असते, म्हणजे ताशी साडेअकरा किलोमीटर. पाठीला आता या वेगाचा धक्का एकदम घ्यायचा, आणि तोही सीटचा जोर चौदा जी च्या घरात पोचलेला असताना. कमरेच्या वरचं शरीर 40 किलो धरलं तर 20 जी ला ते कमरेच्या मणक्यावर 800 किलोंनी बसतं. तिथे अचानक जास्तीचा हिसका मिळाला की मणक्याची पुढची कड चिरडते. म्हणजे जितकी गादी मऊ आणि जाड, तितकी पाठ धोक्यात.

फार्नबरोच्या ब्रिटिश हवाई वैद्यक संस्थेतल्या एफ. लॅथम यांनी 1957 साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात शरीराचं हे गणित मांडलं. त्यांनी माणसाला सीटवर ठेवलेलं वजन न मानता एका स्प्रिंगसारखं मानलं. स्प्रिंगला तिचा स्वतःचा हेलकावा असतो. सीटचा धक्का ज्या गतीने चढतो ती गती आणि तो हेलकावा जुळले, तर शरीरात मूळ धक्क्यापेक्षा मोठा धक्का उभा राहतो. गादी ही या साखळीतली आणखी एक स्प्रिंग. ती चुकीच्या मऊपणाची असेल तर धक्का वाढवते. डेट्रॉइटच्या वेन विद्यापीठात याच काळात देहदान केलेल्या शरीरांवर मणक्याला बसणारा ताण मोजला जात होता. त्या कामाची यादी वाचताना मनात संकोच येतो, पण आज इजेक्शन सीटच काय, मोटारीतल्या एअरबॅगच्या मर्यादाही तिथून सुरू झालेल्या मोजमापांवर उभ्या आहेत.

1960 च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने लॅथम यांच्यासारखाच विचार एका आकड्यात बसवला. अर्न्स्ट स्टेक आणि पीटर पेन यांनी मणक्यांच्या रांगेला एक वजन, एक स्प्रिंग आणि हेलकावा शमवणारा एक दट्ट्या एवढ्यात मांडलं. या कागदावरच्या बाहुलीला सीटच्या धक्क्याची नोंद दिली की तिची स्प्रिंग किती दबते हे निघतं, आणि त्यावरून मणका मोडण्याची शक्यता. आकडा 18 आला तर शंभरांत सुमारे पाच जणांच्या मणक्याला इजा. ही पट्टी अजून वापरात आहे. तिची उणीवही उघड आहे: ती कडक सीटवर बसलेल्या माणसाची पट्टी आहे. मधली गादी तिच्यात नाही. म्हणून गादीचा निकाल सूत्रावर लागत नाही, ती प्रत्यक्ष आपटूनच पाहावी लागते.

नासाचा फोम याच ठिकाणी येतो. 1966 साली कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स केंद्रासाठी चार्ल्स योस्ट या अभियंत्याने प्रवासी विमानांच्या सीटसाठी एक वेगळा फोम तयार केला. बसल्यावर तो हळूहळू अंगाच्या आकारात वितळल्यासारखा बसतो, भार पसरवतो, बूड बधिर होऊ देत नाही. पण अचानक धक्का आला की तोच फोम कडक होतो, कारण त्याच्या आतली रचना सावकाश सरकते, झटक्याला सरकत नाही. बसताना गादी आणि आपटताना पत्रा, असे दोन गुण एका वस्तूत. इजेक्शन सीटवाल्यांना नेमकं हेच हवं होतं. बिछान्यांच्या दुकानांत तो 1990 च्या दशकात स्वीडनच्या कंपनीमार्फत पोचला, पण ती वाट वेगळी.

या फोमचीही एक खोड निघाली. तो थंडीत दगडासारखा होतो आणि उन्हात लोण्यासारखा. लेहच्या धावपट्टीवर पहाटे उभं असलेलं विमान आणि जेसलमेरच्या मे महिन्यातल्या दुपारी काचेखाली तापलेलं विमान, दोघांतली गादी एकच असली तरी वागणूक एक नसते. म्हणून तपासणी तापमान बदलत घ्यावी लागते. एका गादीत दोन-तीन प्रकारचे थर लावायची पद्धतही यातूनच आली: वर बसायला सुखाचा, खाली धक्क्याला कडक, आणि एकूण जाडी शक्य तितकी कमी.

अशी चाचणी कशी होते हे ओहायोतल्या राइट-पॅटरसन तळावरच्या मनोऱ्यात पाहण्यासारखं आहे. तिथे सीट वर उडवत नाहीत, खाली टाकतात. उभ्या रुळांवरून सीटचा पाळणा मोकळा सोडतात. पाळण्याच्या तळाला एक लांब दट्ट्या असतो, तो खाली पाण्याने भरलेल्या नळकांड्यात घुसतो आणि बाजूने पाणी उसळवत पाळण्याला थांबवतो. दट्ट्याचा आकार बदलला की थांबण्याचा धक्का हवा तसा घडवता येतो: आधी सौम्य, मग तीव्र, किंवा उलट. कण्याच्या दृष्टीने खाली पडताना थांबणं आणि वर फेकलं जाणं एकच. सीटच्या तळावर एक मापक, तिच्यात बसवलेल्या माणसासारख्या पुतळ्याच्या कमरेत मणक्याच्या जागी एक मापक, छातीत एक. गादी न ठेवता एकदा आपटायचं, मग एकेक गादी ठेवून. छातीवरचा धक्का कडक सीटपेक्षा जास्त निघाला, की ती गादी कितीही मऊ आणि स्वस्त असली तरी बाद. पुतळ्याने हिरवा कंदील दिला की जिवंत स्वयंसेवक बसतात. ते बहुधा तरुण लष्करी कर्मचारी असतात, आणि त्यांना साधारण 10 जी च्या पलीकडे नेत नाहीत, डॉक्टर शेजारी असतो. लिंच आणि अँड्रूज यांच्या तिपाईपासून हा मोठा फरक आहे. तिथे मर्यादा कळेपर्यंत ताकद वाढवत गेले होते.

इजेक्शन सीटच्या पुढच्या पिढ्यांत धक्का कमी करण्याचं मोठं काम रॉकेटने केलं. काडतुसाने एकदम ढकलण्याऐवजी सीटखालचं रॉकेट थोडा वेळ जळत राहतं, त्यामुळे जास्त उंची कमी हिसक्यात मिळते. 1 एप्रिल 1961 रोजी डॉडी हे नावाच्या स्वयंसेवकाने जमिनीवर स्थिर उभ्या सीटमधून उडून अशी सीट शून्य उंचीवरही चालते हे दाखवलं. 13 मार्च 1962 रोजी फार्नबरोच्या त्याच वैद्यक संस्थेतले स्क्वॉड्रन लीडर पीटर हॉवर्ड उडत्या मीटिअरमधून रॉकेट सीटने बाहेर पडले. स्वतः डॉक्टर असलेल्या माणसाने आपल्याच शास्त्रावर पाठ टाकून दाखवली, याबद्दल मला त्यांचं विशेष वाटतं.

आपल्याकडे ही सगळी विद्या आयात विमानांबरोबर आली. हंटरवर आणि इथेच बनलेल्या मरुतवरही मार्टिन-बेकरच्या सीट होत्या. मिग आणि सुखोई रशियन सीट घेऊन आले. 10 डिसेंबर 1971 रोजी फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर यांचं सुखोई-7 पाकिस्तानात जफरवालजवळ जमिनीवरच्या माऱ्यात सापडलं. ते सीटने बाहेर पडले आणि पकडले गेले. पुढे 13 ऑगस्ट 1972 रोजी मालविंदर ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांना बरोबर घेऊन रावळपिंडीच्या छावणीतून भिंतीला भोक पाडून त्यांनी केलेलं पलायन मराठी वाचकाला ठाऊक आहे. अफगाण सीमा हाकेच्या अंतरावर असताना तिघं पकडले गेले. त्याच छावणीत त्यांचे ज्येष्ठ सहकारी धीरेंद्र जाफा होते. सीटने बाहेर पडताना त्यांच्या कण्याला इजा झाली होती. पलायनाच्या गोष्टीत आपण भिंतीतलं भोक लक्षात ठेवतो. भोकातून कोण बाहेर पडू शकतो आणि कोण नाही, हे काही अंशी विमानातून बाहेर पडतानाच्या सेकंदाच्या दहाव्या भागात ठरलेलं असतं.

भारतात याचा वैद्यकीय भाग बंगळुरूच्या हवाई वैद्यक संस्थेकडे आहे. 1957 मध्ये ती शाळा म्हणून सुरू झाली. इजेक्शन झालेल्या वैमानिकाला काही दुखत नसलं तरी त्याच्या संपूर्ण कण्याची तपासणी होते, कारण चेपलेला मणका पहिले काही दिवस गप्प राहू शकतो. काही काळ त्याला उड्डाण बंद असतं. वैमानिकांना बसण्याचा सराव तिथल्या शिकाऊ सीटवर देतात: डोकं मागे टेकलेलं, पाठ ताठ, कोपरं आत. 27 फेब्रुवारी 2019 रोजी अभिनंदन वर्धमान मिग-21 मधून बाहेर पडले आणि पाकिस्तानात पकडले गेले. ते परत आले तेव्हा बातम्यांत त्यांच्या बरगडी आणि कण्याच्या इजेचा उल्लेख होता. अनेकांना ती मारहाणीची खूण वाटली. इजेक्शनच्या मानाने तो अगदी नेहमीचा तपशील होता.

महाराष्ट्राचा या व्यवसायातला वाटा नाशिकजवळच्या ओझरला आहे. 1964 मध्ये उभ्या राहिलेल्या एचएएलच्या कारखान्यात मिग-21 बनले आणि पुढे सुखोई-30. सुखोईवरची रशियन के-36 सीट पाय खेचून घेते, वाऱ्याला आडवा पडदा उभा करते, आणि 1989 च्या पॅरिस प्रदर्शनात अनातोली क्वोचूर मिग-29 मधून जमिनीजवळ बाहेर पडले तेव्हापासून तिचं नाव झालं. पुण्यात पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळांनी सीटची काडतुसं आणि तेजस या भारतीय लढाऊ विमानाच्या काचेचं झाकण स्फोटाने कापणारी यंत्रणा तयार केली. बाहेर पडताना डोकं काचेवर आपटू नये म्हणून ही कापणी सीट हलण्याच्या आधी काही मिलिसेकंदांत व्हावी लागते.

गादीच्या प्रश्नाला नवं वळण दिलं ते स्त्री वैमानिकांनी. 18 जून 2016 रोजी अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग भारतीय हवाई दलात लढाऊ वैमानिक म्हणून रुजू झाल्या. काडतुसाची ताकद ठरलेली असते. बसणारी व्यक्ती हलकी असेल तर तीच ताकद तिला जास्त जी देते. अमेरिकेत 2015 मध्ये एफ-35 विमानात 136 पौंडांखालच्या वैमानिकांना मानेच्या धोक्यामुळे काही काळ उडायला बंदी घालावी लागली होती, सीटमध्ये बदल करून 2017 मध्ये ती उठली. 1945 च्या तिपाईवर जो शरीराचा साचा धरला गेला, त्यात हलक्या अंगाची माणसं कुणी मोजलीच नव्हती. उंची कमी असलेल्या वैमानिकाला वर बसवायला जाड उशी देणं हा सोपा उपाय वाटतो. वर दिलेला हिशेब पाहिला तर तो का चालत नाही हे कळेल. जुन्या अमेरिकी जेट विमानांच्या पुस्तिकांत स्वतःची उशी आणून बसू नये अशी ताकीद असे, तीही याच कारणाने. लांब पल्ल्याच्या उड्डाणात पाय बधिर होतात, उशीचा मोह होतो, आणि नियम मोडणारा सहसा परत येतो, म्हणून नियम मोडण्याची सवय लागते. सीट उडवावी लागली तरच त्याचा हिशेब होतो.

अलीकडची मोठी भारतीय चाचणी डिसेंबर 2025 मध्ये चंदीगडच्या संरक्षण प्रयोगशाळेच्या रॉकेट रुळांवर झाली. चार किलोमीटरचा हा मार्ग 2014 पासून आहे. तेजसच्या पुढच्या भागासारखा सांगाडा रॉकेटच्या जोराने ताशी 800 किलोमीटरला नेला, झाकण कापलं गेलं, आणि मापकं लावलेला पुतळा सीटसकट बाहेर फेकला जाऊन पॅराशूटने उतरला. वैमानिकाच्या शरीरावर येणारे भार आणि त्वरण त्या पुतळ्याने नोंदले. तेजसमधली सीट मात्र अजून डेनहॅमच्या त्याच कंपनीची आहे, आणि तिच्यावरची गादी बदलायची झाली, एक थर जरी कमी-जास्त करायचा म्हटलं, तरी पुन्हा मनोऱ्यावर, पुन्हा थंडीत आणि उन्हात, पुन्हा पुतळा आणि मग माणूस, अशी सगळी फेरी पहिल्यापासून करावी लागते.